खाणीच्या वाडीचं ऊन पाणी

ह्यांची पाठ धरली म्हणून आमची सहल ठरली. एरवी आमच्या घरात सहल म्हणजे आधी महिनाभर चर्चा, मग कुणाचं तरी बारसं आडवं येणार आणि शेवटी घरीच श्रीखंड. या वेळी मात्र डॉक्टरांनीच बजावलं, की पाठ शेकत राहा, गरम पाण्यात बसा आणि जमलं तर हवापालट करा. हे तिन्ही एकाच ठिकाणी मिळतं, असं ह्यांच्या कचेरीतल्या एका गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितलं. कर्जतच्या पुढे पळसदरीजवळ दगडाची एक बंद पडलेली खाण आहे. खाणीच्या शेठची जुनी बंगली तिथला मुकादम हल्ली पाहुण्यांना राहायला देतो, जेवणही तिथेच मिळतं. आणि खास गोष्ट म्हणजे गळ्यापर्यंत ऊन पाण्याची दगडी टाकी. तीत वाटेल तितका वेळ बसून राहायचं.

"बसून करायचं काय?" मी विचारलं.

"काही नाही," हे म्हणाले. "तीच तर मजा."

काही न करण्यात ह्यांना केवढी मजा वाटते, हे मला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे. माझं तसं नाही. माझ्यापुढे वेगळाच प्रश्न होता. टाकीत बसायचं ते नेसून काय? पुरुषांचं बरं असतं, एक पंचा गुंडाळला की झालं. शेवटी एक जुनं, रंग गेलेलं पातळ पिशवीत तळाशी कोंबलं आणि कुणी विचारलंच तर फडकी आहेत म्हणून सांगायचं ठरवलं.

कर्जतला गाडी बदलली. वडे खाल्ले. पाठदुखीला तळलेलं चालतं का, यावर ह्यांचं मत होतं की डॉक्टर त्याबद्दल काही बोलले नव्हते. खोपोलीच्या गाडीने पळसदरीला उतरलो, तर फलाटाच्या टोकाला रुंद खांद्यांचा एक म्हातारा बैलगाडी घेऊन उभा. डोक्याला मुंडासं, अंगात खाकी सदरा. हेच मुकादम. मूळचे घाटावरचे, पण खाणीवर उमर गेल्यामुळे बोलणं पार इकडचं झालेलं.

"पाठ कुनाची?" त्यांनी पहिलाच प्रश्न केला.

मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं.

"मंग सायेब मधी बसा. चाकाच्या वर नको. बाय, तुमी कुटं पन बसा."

कुठेही म्हणजे नेमकी चाकाच्या वर जागा उरली होती. धरणाचं पाणी डाव्या हाताला चमकत होतं, भातं कापून झालेली होती आणि मोकळ्या खाचरांत वालाचे वेल हिरवेगार पसरले होते. समोर घाटाचा डोंगर. बघायला फार सुरेख होतं, पण प्रत्येक दगडाला माझे दात एकमेकांवर आपटत होते, तेव्हा सौंदर्याबद्दल मी नंतरच बोलले.

वाडी अगदी मूठभर घरांची. खाण जोरात होती तेव्हा इथे दुकान होतं, लोहाराचा भाता होता, शनिवारी बाजारसुद्धा भरायचा. सगळीकडून माणसं दगड फोडायला आली आणि इथलीच झाली. पुढे खोल गेल्यावर खाणीला पाणी लागलं, ते उपसता उपसेना आणि काम थांबलं. कुणी साजगावच्या कारखान्यात लागले, कुणी वाट्याने भात लावू लागले. आता खाणीचा खड्डा काठोकाठ हिरव्या पाण्याने भरलेला आणि काठावर खंड्या पक्षी बसलेला. बंगली म्हणजे पुढे पडवी, मागे दोन खोल्या, वर कौलं. मुकादमांची बायको सखूबाई दारात उभी होती. ठेंगणी, चटपटीत, बोलायला लागली की दम खात नाही अशी. तिने आम्हाला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. वाल सोलण्यावरून आमच्या घरात दर वेळी भांडणं होतात. इथे ते आयते ताटात आले, याचंच मला केवढं सुख झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत चहा पीत होते. वाडी नुकती हलू लागली होती. एक म्हातारा उन्हाला बसून विडी ओढत होता, दोघी बायका पाणी आणत होत्या, कोंबड्या उकिरडा विसकटत होत्या. इतक्यात खाणीच्या बाजूने आवाज आला. ठण, ठण, ठण, ठण! लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा, लागोपाठ.

आणि सगळी वाडी पळाली. म्हाताऱ्याने विडी टाकली आणि तो वाकून घरात शिरला. बायकांनी हंडे तिथेच ठेवून ओसरी गाठली. एकीने रांगतं पोर बकोटीला धरून उचललं. शेळ्यांना कुणी हाकललंसुद्धा नाही, त्या आपल्या आपण दाराशी गेल्या. पापणी लवायच्या आत अंगणं रिकामी झाली आणि हातात कपबशी घेऊन मी एकटी उभी राहिले. दरोडा पडला की वाघ आला, काही कळेना. ह्यांना हाक मारली, तर हे आतून म्हणाले, "पाठ धरलीय, मला पळता येणार नाही. तू हो पुढे."

तेवढ्यात मुकादम शांतपणे चालत आले. हातात लोखंडी पहार.

"चला बाय, पानी तापलंय."

"अहो, पण ही माणसं का पळाली?"

मुकादम जरा ओशाळले. सांगायला सखूबाईच पुढे झाली. खाण चालू होती तेव्हा जांभळीच्या झाडाला रुळाचा एक तुकडा टांगलेला असे. सुरुंगाला बत्ती द्यायच्या आधी मुकादम त्याच्यावर लागोपाठ टोले द्यायचे. टोले ऐकले की असेल त्याने असेल तिथे आडोसा गाठायचा, कारण दगड उडून थेट वाडीपर्यंत येत. मग सुरुंग उडायचा आणि सगळं निवल्यावर मुकादम एकच लांब टोला द्यायचे. तो 'मोकळा टोला'. तो ऐकल्याशिवाय कुणीही, अगदी शेठसुद्धा, बाहेर यायचं नाही असा कडक नियम होता. पाहुण्यांना पाणी तापल्याचं कळवायला मुकादमांना दुसरं काही सुचलं नाही, म्हणून त्यांनी तोच रूळ वाजवायला घेतला.

"आवो, म्यां किती येळा सांगटलं, थाळी वाजवा. नाय आईकत," सखूबाई म्हणाली.

"थाळीचा आवाज जातोय काय लांब?" मुकादम म्हणाले.

"पण आता सगळ्यांना माहीत आहे ना, की हे पाण्याचे टोले आहेत?" मी विचारलं.

"ठावं हाय की. पर पायांना ठावं नाय, बाय. टोला आईकला का पाय घरात वलतात. माजे पन." मग ती एकदम मुकादमांवर ओरडली, "आवो, मोकला टोला द्या की! लोकं खोलंबल्यात!"

मुकादम लगबगीने परत गेले. एक लांब टोला वाजला आणि म्हातारा बाहेर येऊन आपली विडी शोधू लागला.

आता टाकीबद्दल. खडी फोडायचं यंत्र पूर्वी वाफेवर चालायचं. यंत्र कधीच विकलं गेलं, पण वाफेचा बॉयलर तिथेच होता. मुकादमांनी त्याची झाकणं काढून टाकली, आत पाणी भरलं, खाली लाकडं घातली आणि एका नळाने ते पाणी शेजारच्या दगडी टाकीत सोडलं. आपल्या न्हाणीघरातला बंब असतो ना, तोच, फक्त खोलीएवढा. टाकीच्या तीन बाजूंना त्यांनी कारवीचा कूड (कारवीच्या काठ्या उभ्या बांधून केलेली भिंत) घातला होता आणि घाटाची बाजू मोकळी ठेवली होती. सकाळी बायका, संध्याकाळी पुरुष असा शिरस्ता.

पातळ नेसून मी पाण्यात पाय घातला आणि ओरडलेच. मग दुसरा पाय. मग गुडघे. मग कधी गळ्यापर्यंत गेले, कळलं नाही. काय सांगू तुम्हाला! घरी मला चार तांबे अंगावर घ्यायचे तर बाहेरून कुणीतरी दार वाजवतं. इथे आयुष्यात पहिल्यांदा कुणी दार वाजवत नव्हतं, दारच नव्हतं. समोर डोंगराच्या पोटातून एक मालगाडी ठाकुरवाडीच्या चढाला लागली होती. मागून इंजिनं ढकलत होती, ती कण्हत होती, आणि मी पाण्यात बसून तिचे कष्ट बघत होते. कुडापलीकडे जाळ सारताना सखूबाई तिच्या साजगावला दिलेल्या मुलीच्या सासूबद्दल सांगत होती. मी मध्ये मध्ये हं म्हणत होते. काही न करण्यातली मजा मला त्या सकाळी कळली, पण ह्यांना ते सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगितली नव्हती. जुन्या बॉयलरच्या गंजामुळे पाणी अगदी चहाच्या रंगाचं. माझं पातळ भगवं झालं. संध्याकाळी हे टाकीत उतरले ते हाका मारल्या तरी बाहेर येईनात. आले तेव्हा त्यांचा पांढरा बनियन गेरूने सारवल्यासारखा दिसत होता आणि चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू होतं.

"पाठ कशी आहे?" मी विचारलं.

"कुठली पाठ?" हे म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी सखूबाईने पोपटी लावली. पोपटी म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा, वांगी, बटाटे भरायचे, भांबुर्ड्याचा वासाचा पाला दाबून तोंड बंद करायचं आणि मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. मडकं फोडल्यावर जो वास सुटला त्याने हे खाटेवरून न कण्हता उठले. शेंगा सोलून खात आम्ही चौघं जाळाभोवती बसलो होतो. मी म्हटलं, "सखूबाई, पुढच्या थंडीत आम्ही सगळं घर घेऊन येणार." दिवसभर तोंड न मिटणारी बाई एकदम गप्प झाली, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं.

मुकादमांनीच सांगितलं. मोठे शेठ वारले. त्यांचा शब्द होता, की मुकादमा, तू आहेस तोवर बंगली सांभाळ. आता धाकटे शेठ उद्या येणार होते. त्यांचा निरोप आला होता, की बॉयलर भंगारात द्यायचा, बंगलीची कौलं-लाकूड उतरवायचं, जागा रिकामी करायची.

"मग तुम्ही?"

"लेकीकडं," मुकादम म्हणाले.

"लेकीला एक खोली हाय," सखूबाई विस्तवाकडे बघत म्हणाली. "सासू, सासरा, दीर. तितं आमी जायाचं आन् जावयाच्या दारात हातरूण टाकायचं. हितं मी लगीन होऊन आली, बाय. माजी लेक हितं झाली. येक पोरगं गेलं, त्यो बी हितंच हाय, खानीच्या वरल्या अंगाला."

मी हातातली शेंग खाली ठेवली. रात्री मी ह्यांना म्हटलं, "उद्या शेठसमोर आपण ह्या जागेची स्तुती करायची. अशी, की त्याला हे मोडायची लाज वाटली पाहिजे."

"आहे ते सांगू. बरंच आहे सांगण्यासारखं," हे म्हणाले.

"आहे तेवढ्याने भागणार नाही. तुम्ही नुसते मान हलवा. बोलणं माझ्यावर सोडा."

रविवारी सखूबाईने पहाटेच अंगण सारवलं. मुकादमांनी बॉयलरखाली एवढी लाकडं घातली, की खंड्यासुद्धा उठून गेला. "आज टोले नको हां," सखूबाईने त्यांना बजावलं होतं, आणि त्यांनी मानही डोलावली होती. उन्हं वर आली तशी धुळीचा लोट उडवत मोटार आली. आतून धाकटे शेठ उतरले. तिशी-पस्तिशीचे, पांढराशुभ्र सफारी, काळा चष्मा, हातात चामड्याची बॅग. त्यांनी बंगलीकडे पाहिलं ते भंगार पाहावं तसंच. माझ्या नमस्काराला त्यांनी नुसती मान हलवली. माझं सगळं पाठ केलेलं भाषण तिथेच राहिलं.

तेवढ्यात टोले वाजले. ठण, ठण, ठण, ठण! शेठना पाणी तापलेलं दाखवायच्या उत्साहात मुकादम सगळं विसरले होते.

वाडी पळाली ते मी बघितलंच नाही. मी शेठकडे बघत होते. पहिल्या टोल्याला त्यांची मान वळली. दुसऱ्याला बॅग पडली. तिसऱ्याला तो पांढरा सफारी जमिनीवर आडवा झाला आणि कोपरांवर सरपटत थेट मोटारीखाली गेला. बाहेर फक्त बुटांचे तळवे राहिले, तेही हळूच आत ओढले गेले.

आम्ही दोघं थक्क. अंगणात चिटपाखरू नाही. सुरुंग अर्थातच उडाला नाही. बराच वेळ गेला.

"शेठ," हे वाकून म्हणाले, "काही नाही हो, ते पाणी तापलंय."

"मोकळा टोला कुठाय?" आतून आवाज आला.

"अहो, पण सुरुंगच नाही—"

"मोकळा टोला झाल्याशिवाय बाहेर यायचं नसतं!" शेठ ओरडले, आणि मग त्यांचा आवाज अगदीच पातळ झाला. "मुकादमकाका! ओ काका! टोला द्या ना!"

मुकादम धावत आले होते, ते तसेच परत धावले. लांब टोला घुमला. शेठ बाहेर आले. सफारीवर सखूबाईच्या ताज्या सारवणाचा शेण-मातीचा थर, चष्म्याची एक काच गेलेली. सखूबाई तोंडाला पदर लावून उभी होती. हसण्यासाठी नव्हे, आता संपलं सगळं म्हणून. मला मात्र हसू आवरेना आणि मी कसली हसते, शेठच आधी हसले. लहानपणी प्रत्येक सुट्टी त्यांनी ह्याच बंगलीत काढली होती. वडिलांनी शिकवलेला तो नियम गेली कित्येक वर्षं आठवलासुद्धा नव्हता, म्हणाले. पण अंगाला आठवत होता.

असं शेणाने माखून परत जाता येत नव्हतं. ह्यांनी आपली पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी दिली आणि दोघं टाकीत उतरले. मी आणि सखूबाई कुडाच्या अलीकडे. मग मी सुरुवात केली. कुडाला तोंड लावून, मोठ्याने, काहीही शिल्लक न ठेवता. ह्यांना खाटेवरून उठवायला दोन माणसं लागायची, म्हटलं. (एकच लागायचं, मी.) अशी हवा माथेरानला नाही, म्हटलं. बिरडं, भाकरी, पोपटी, घाटातली गाडी, सगळं आलं. असं ठिकाण ज्याच्याकडे आहे तो माणूस भाग्यवान, आणि ते मोडून भंगारात घालणारा करंटा, असंही बोलून गेले. "हो की नाही हो?" मी आत विचारलं. "अगदी," आतून ह्यांचा आवाज आला. मान हलवण्यापेक्षा एक शब्द जास्तच दिला त्यांनी.

जेवायला बसले तेव्हा शेठ चहाच्या रंगाचे झाले होते आणि भाकऱ्या मागून घेत होते.

"ताई, तुमचं पटलं मला," ते म्हणाले. "हे मोडायचं नाही. बॉयलर विकायचा नाही. काका, काकू, तुम्ही इथेच राहायचं. तुमच्याशिवाय हे पेटवणार कोण?"

मुकादमांनी दोन्ही हात जोडले. सखूबाई म्हणाली, "म्हंजे आमी हितंच?"

"इथेच."

ती भाकरी थापता थापता थांबली. मला इतका आनंद झाला, की मी तिसरी भाकरी घेतली.

"फक्त," शेठ म्हणाले, "पाहुणे आता बंद. असली जागा लोकांना कशाला द्यायची? दर शनिवारी मीच येईन म्हणतो, बायकोपोरांना घेऊन."

भाकरी माझ्या हातातच राहिली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे ताटात बघत होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. हसणं दाबायची त्यांची ती पद्धत मला चांगली माहीत आहे.

दुपारी शेठनीच आम्हाला कर्जतपर्यंत मोटारीने सोडलं. निघताना सखूबाई दारात नव्हती. मागच्या अंगणात कुदळीने खड्डा घेत होती. शेजारणीकडून तिने शेवग्याची एक फांदी तोडून आणली होती.

"आता कशी गं लावतेस? हा काय हंगाम आहे?" मी म्हटलं.

"जगंल," ती म्हणाली. "नाय जगली तर पावसात दुसरी लावीन. हितंच तर हाय मी."

कर्जतहून पुढे आगगाडीत मी सगळ्या वाटेत शेठवर चरफडत होते. घरी आल्यावर मैत्रिणींनी पत्ता मागितला, तेव्हा सांगावं लागलं, की ती जागा आता बंद झाली. माझ्या भगव्या पातळाची खरंच फडकी झाली. ह्यांची पाठ थंडीत अधूनमधून अजून धरते. मग मी बंबात पाणी तापवते, आणि हे पाटावर बसून खवचटपणे म्हणतात, "जरा कमी स्तुती केली असतीस, तर आज गळ्यापर्यंत पाण्यात असतो."

ह्यांचं काय जातं बोलायला! हे कुडाच्या आत होते. मी बाहेर होते, आणि सखूबाईने माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता. तिने तो सोडेपर्यंत मला थांबता येत नव्हतं.